हिरवळीवर चालू नये

बँकेत जेवणाची सुट्टी लागली म्हणून समोरच्या बागेत जाऊन बसलो. चपला काढून लॉनवर दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच शिट्टी. वॉचमन बाकावरून उठलासुद्धा नाही, नुसती बोटाने पाटी दाखवली. पाटीवरचा ‘हि’ उडालेला. ‘रवळीवर चालू नये.’ आमच्या घरी रवळीत तांदूळ धुवायचे, तिच्यावर चालायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

या पाटीशी माझं जुनं वाकडं आहे. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर सतरंजीएवढी हिरवळ होती. गाव मार्चपासून टँकरची वाट बघायचं आणि तिला मात्र रोज झारीने पाणी. एकदा आमचा चेंडू तिच्यात गेला. मी आणायला गेलो आणि तासभर उन्हात ओणवा उभा राहिलो. गवत तिसऱ्या दिवशी होतं तसं ताठ झालं. माझी पाठ आठवडाभर नाही.

म्हणूनच जेकब कॉक्सी हा मला आपला माणूस वाटतो. खरं तर माझं-त्याचं जमण्याचं काही कारण नाही. ओहायोतल्या मॅसिलन गावचा, वाळूच्या खाणीचा मालक, उमदे घोडे पाळणारा. पण 1893 मध्ये अमेरिकेत मंदी आली, बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या बसल्या आणि लाखो लोक कामाविना रस्त्यावर आले. शेतकऱ्याची रड त्याही आधीची. चलन सोन्याला बांधलेलं, गव्हाचा नि कापसाचा भाव उतरत चाललेला, कर्जाचा आकडा तेवढा जागचा हलत नव्हता. कॉक्सी म्हणाला, सरकारने 50 कोटी डॉलरच्या नोटा छापाव्यात, त्यातून गावोगावचे रस्ते बांधावेत आणि कामाला येईल त्याला आठ तासांचे दीड डॉलर द्यावेत. नोटांवर त्याचा इतका जीव, की त्याने पोटच्या पोराचं नाव ‘लीगल टेंडर’ ठेवलं. कायदेशीर चलन कॉक्सी! बारशाला आत्याने कानात ‘कुर्रर्र’ करून हे नाव सांगितलं असतं, तर पाळण्याची दोरी सुटली असती.

25 मार्च 1894 ला, ईस्टरच्या दिवशी, शंभरेक बेकार घेऊन तो वॉशिंग्टनला निघाला. माणसं पायी, स्वतः बग्गीत. (ही गोष्ट मला जरा खटकते, पण असो.) बरोबर वार्ताहरांचाही घोळका. दोन वर्षांपूर्वी होमस्टेडमध्ये पोलाद कामगारांचा संप मोडला गेला होता. त्याच गावाने या दिंडीचं स्वागत केलं. 1 मेला पाचेकशे जण राजधानीत पोचले. कॉक्सीला कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसद भवनाच्या, पायऱ्यांवरून भाषण वाचायचं होतं. पोलिसांनी वाचू दिलं नाही. मग खटला. कशाबद्दल? छातीवर बिल्ला लावून कॅपिटॉलच्या आवारात आल्याबद्दल 20 दिवस कैद आणि गवत तुडवल्याबद्दल 5 डॉलर दंड.

त्याच्याच हिशेबाने जवळजवळ साडेतीन दिवसांची मजुरी. गवताची.

आमची आजी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मुकादम, हजेरीपट, दुपारची सुकडी, सगळं रंगवून सांगायची. आजोळाहून तालुक्याला जाणारा तो रस्ता. एसटी त्या वळणावर आली की खिडकीतून बोट दाखवून म्हणायची, “हा माझा.” जणू सातबारा तिच्या नावावर. आम्ही पोरं हसायचो. पुढे त्याच्यावर डांबर पडलं, मग रुंदीकरण झालं, आता टोलनाका आहे. तिची खडी खाली कुठेतरी असेल. कॉक्सीचं नाव तिच्या कानावर जायचं काही कारण नव्हतं, आणि खडी फोडायला ते लागतही नाही.

तिकडे 1930 नंतरच्या मोठ्या मंदीत अमेरिकन सरकारने बेकारांना कामाला लावून रस्ते बांधून घेतलेच. आणि 1 मे 1944 ला, बरोबर पन्नास वर्षांनी, नव्वदीचा कॉक्सी त्याच पायऱ्यांवर उभा राहिला. रीतसर परवानगी काढून. राहिलेलं भाषण त्याने वाचलं. या वेळी कुणी धरलं नाही. दंड नाही, कैद नाही. त्याच्याबरोबर चालत आलेल्या त्या पाचेकशांपैकी ते ऐकायला उरले होते किती, कुणास ठाऊक.

बँक उघडायची वेळ झाली होती. समोरचं फाटक गवतावरून वीस पावलं, सिमेंटच्या वाटेने बागेला अख्खा वळसा. वॉचमन माझ्याकडे बघत होता. शिट्टी तोंडातच.

मी चपला घातल्या आणि वळसा घेतला.