रोज सकाळी एक लांब ‘आ’

मला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासाच्या वाटा अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. त्यात स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, म्हटली की छातीतला शेवटचा श्वाससुद्धा पिळून काढायचा. रोज घरी ते नको वाटतं. म्हणून डॉक्टरांनी आवाज तपासणारं ॲप सुचवलं, तेव्हा बरं वाटलं, पण विश्वास बसला नाही. आवाजावरून फुफ्फुसं कशी कळणार? त्यांचं उत्तर सोपं होतं: आवाज म्हणजे बाहेर पडणारा श्वासच की!

सकाळी इन्हेलर घेण्याआधी ताठ बसायचं, फोन तोंडापासून वीतभर लांब धरायचा, दमेपर्यंत ‘आ’ लावायचा, मग ठरलेला परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. ‘आ’ किती सेकंद टिकला, सूर आणि जोर किती डळमळले, वाचताना श्वासासाठी किती वेळा थांबलो, हे ॲप मोजतं. पहिले 2 आठवडे ते नुसतं ऐकत होतं. माझी तुलना माझ्याशीच व्हायची, म्हणून आधी माझा नेहमीचा आवाज कळायला हवा ना.

मग एके दिवशी इशारा आला. मी घाबरलो. श्वास ठीक होता, घसा मात्र बसला होता. इन्हेलरमधल्या स्टेरॉइडनं तसं होतं आणि इन्हेलरनंतर चूळ भरायचा आळस माझाच! डॉक्टरांनी इन्हेलरला स्पेसर, म्हणजे पुढे जोडायची पोकळ नळी, लावायला सांगितलं. पंखा चालू राहिला की आकडे बिघडतात, हेही असंच उशिरा कळलं.

दुसरा इशारा खरा निघाला. वाचतानाचे थांबे 3 दिवस वाढत होते. ऑक्सिमीटर नेहमीचाच आकडा दाखवत होता, म्हणून मी कानाडोळा केला. संध्याकाळी मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्ही वाक्य मध्येच तोडताय.” तेव्हा मात्र चरकलो. दुसऱ्या दिवशी कफ हिरवट झाला. लगेच डॉक्टरांना फोन केला. स्टेरॉइडच्या 5 दिवसांच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक सुरू झालं. भरती व्हावं लागलं नाही. ॲप नसतं तर काय झालं असतं, कोण सांगणार? मुलीनं तर ऐकलंच असतं.

परिच्छेद आता पाठ झालाय. तरी बघूनच वाचतो. पाठ म्हणायला लागलो की श्वास कुठे चोरायचा तेही जिभेला ठाऊक असतं, आणि थांबे उगाच कमी भरतात.