इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला'

परवा मी स्वतःच्या हातानं एक बरोबर शब्द खोडला, त्याच्यावर चुकीचा शब्द लिहिला, शेजारी सही ठोकली, तारीख टाकली आणि दुरुस्तीचं कारण म्हणून लिहिलं, 'ग्रॅमर एरर'. अजून डोकं ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून ही पोस्ट.

औषध कंपन्यांत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या बंदराच्या बाजूला औषध कंपन्यांची रांगच लागली आहे, त्यातल्या एकीत मी आहे. प्लांटमध्ये काही बिनसलं की डेव्हिएशन, म्हणजे काय बिनसलं त्याच्या चौकशीचं प्रकरण, उघडतं आणि त्या वेळी हजर असलेल्या प्रत्येकानं काय पाहिलं, काय ऐकलं हे लिहून द्यायचं असतं. कोल्डरूमचा अलार्म वाजला होता. ऑपरेटरनं सुपरवायझरला आणि मला येऊन सांगितलं. तेवढंच मी लिहिलं: 'द ऑपरेटर इन्फॉर्म्ड द सुपरवायझर अँड मी.' क्यूएमधल्या, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागातल्या, बाईंची मेल आली. 'मी' चालणार नाही, 'आय' करून द्या. बाई इथल्याच, शाळा-कॉलेज सगळं इथलंच, इंग्रजी आईच्या दुधाबरोबर आलेलं.

आता गंमत बघा. दुसऱ्याच्या नोंदीत हात घालायचा नाही हा आमच्या धंद्यातला नियम. ज्यानं लिहिलं त्यानंच खोडायचं, तेही एका आडव्या रेघेनं, खालचं मूळ वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर म्हणजे महापाप. त्यामुळे माझा बिचारा 'मी' रेघेखालून स्वच्छ दिसतो आहे आणि वर माझ्याच अक्षरात 'आय' बसला आहे. बॅचचे कागद युरोपीय नियमाप्रमाणे किमान पाच वर्षं जपून ठेवावे लागतात, किंवा एक्सपायरीनंतर एक वर्ष, जे जास्त असेल ते. म्हणजे निदान पाच वर्षं तरी मी व्याकरणात कच्ची असल्याचा सही-शिक्क्यानिशी पुरावा या देशात राहणार.

मी मराठी माध्यमातली. कोल्हापूर, मुलींची शाळा, इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो. तुमच्यापैकी जे त्याच गाडीतून आलेत त्यांना आठवत असेल, पहिल्या महिन्यात सगळा वर्ग 'मी गोइंग' म्हणत असतो. कारण उघड आहे. आपल्या तोंडात 'मी' आहेच, इंग्रजीतही 'मी' सापडला, मग तो वेगळा कशाला असेल? आमच्या बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं की इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला'. कर्ता असेल तर 'आय', कर्म असेल तर 'मी'. आणि दोन माणसं एकत्र आली की घोटाळा होतो, तेव्हा त्यांचा उपाय ठरलेला होता: दुसऱ्याला वाक्यातून बाहेर काढा. 'ही कॉल्ड सुमन अँड आय' बरोबर की 'सुमन अँड मी'? सुमनला बाहेर काढा. 'ही कॉल्ड आय' म्हणाल का? नाही ना, मग सुमन परत आली म्हणून नियम बदलत नाही. 'बिटवीन', 'विथ', 'फॉर' यांच्या मागेही हाच न्याय.

माझ्या वाक्यातून सुपरवायझरला बाहेर काढा. 'द ऑपरेटर इन्फॉर्म्ड आय.' हे कॉर्कमधलं शेंबडं पोरही म्हणणार नाही.

मग असं का होतं? इथली मुलं लहानपणी 'मी अँड शॉन वेंट' असं बोलतात आणि दर वेळी आई नाहीतर टीचर टोकते, 'शॉन अँड आय'. टोकून टोकून मुलाच्या डोक्यात एवढंच राहतं की 'अँड'नंतरचा 'मी' गावंढळ असतो. पुढे डिग्री घेतली, टाय लावला, तरी ती धास्ती जात नाही आणि जिथे 'मी'च हवा तिथेही 'आय' येऊन बसतो. ज्यांना 'आय'चीही खात्री नसते ते 'मायसेल्फ'च्या आडोशाला जातात. 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ', 'द मीटिंग विथ जॉन अँड मायसेल्फ'. रोजच्या मेलमध्ये निदान एक तरी.

हे मी जेवताना सांगितलं तर नवऱ्यानं फोनवर शोधून शेक्सपिअर काढला. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनियोच्या पत्रात 'बिटवीन यू अँड आय' आहे म्हणे. आहे खरं, मी तपासलं. पण शेक्सपिअरला डेव्हिएशन भरायचं नव्हतं.

आणि 'मायसेल्फ'वरून सगळ्यात जास्त कोणाची टिंगल होते? आपली. 'मायसेल्फ संतोष, फ्रॉम सातारा' हा विनोद तुम्ही कितीदा ऐकलाय? ओळख करून देताना ते चूकच आहे, 'आय अ‍ॅम संतोष' म्हणावं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण त्यांचा 'मायसेल्फ' तेवढाच चुकीचा असून नुसता 'जरा फॉर्मल' ठरतो आणि आपला 'मायसेल्फ' म्हणजे इंग्रजी कच्चं. त्यांनी चुकवलं की बोली, आपण चुकवलं की अडाणीपणा. 'आय सीन हिम', 'आय डन इट' हे मी रोज कॅन्टीनमध्ये ऐकते. इथल्या नर्सिंग रजिस्टरवर नाव लागावं म्हणून आपल्या मुली आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सात बँड मिळवायला तीन-तीनदा बसतात, आणि आल्यावर ज्यांच्याशी बोलायचं त्यांना 'सॉ' आणि 'सीन'चं सोयरसुतक नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच का नाही बोललीस? नाही बोलले. एक तर डेव्हिएशन वेळेत बंद व्हायचं होतं, 'मी'वरून ते अजून एक फेरी फिरलं असतं. माझ्या वर्क परमिटवर कंपनीचं नाव आहे. आणि 'तुमची मातृभाषा तुम्हाला येत नाही' हे सांगायची कुठलीही सभ्य पद्धत मला सापडली नाही. बाईंना मनात वाईट काही नव्हतं. त्या मला मदतच करत होत्या. तेच जास्त झोंबलं.

खरं सांगायचं तर ही खपली जुनी आहे. आमच्या कोल्हापूरकडे बायका सर्रास 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. आजी म्हणायची, आई म्हणते, मीही म्हणायचे. शिकायला पुण्यात गेले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात 'येतो काय, येते म्हण' सुरू झालं. कोणी दुष्टपणानं नाही, हसत हसतच. मी सहा महिन्यांत 'येते' झाले. घरी फोनवर मात्र 'ठेवतो गं आई' हेच. 'आनि-पानी' म्हणणाऱ्याला आपण काय करतो ते इथे लिहायला नको. पण म्हणूनच मी इंग्रजी व्याकरण असं पाठ केलं की पुन्हा कोणी बोट ठेवू नये. आणि ठेवलं, तेही बरोबर शब्दावर.

असो. आता चांगलं लिहिते, नाहीतर आई म्हणेल नुसती कुरकुर.

आमच्या शेजारच्या आजी दारात येऊन विचारतात, 'इज हिमसेल्फ अ‍ॅट होम?' हिमसेल्फ म्हणजे माझा नवरा. पुस्तकी नियमानं हे सपशेल चूक, कारण 'हिमसेल्फ' एकटा कर्ता होऊ शकत नाही. पण ही चूक नव्हेच, ही खालची आयरिश भाषा वर आलेली आहे. आयरिशमध्ये 'फेन' म्हणजे 'स्वतः'. 'शिन फेन' या पक्षाचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल, त्याचा अर्थ 'आम्ही स्वतः' असाच. घरातला कर्ता पुरुष, ऑफिसातला साहेब, यांचा उल्लेख नाव न घेता 'हिमसेल्फ' असा करतात, थोडा मान, थोडी थट्टा. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईचं 'आमचे हे' ऐकू आलं. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका दोन्हीकडे होत्या तर! तेव्हापासून नवरा घरात हिमसेल्फ झाला आहे आणि त्याला ते फारच आवडलं आहे.

तसंच 'यी'. इंग्रजीत एकाला 'यू' आणि दहाजणांनाही 'यू', हे आपल्याला कधी पटलं नाही. जुन्या इंग्रजीत 'दाऊ' आणि 'यी' असे वेगळे शब्द होते, पुढे 'यू'नं दोन्ही गिळले. कॉर्कनं 'यी' सोडलेला नाही. 'आर यी कमिंग?' म्हटलं की सगळ्यांना बोलावलं आहे हे कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहितात. डब्लिनचे लोक 'यूज' म्हणतात आणि कॉर्कवाले त्याला नाक मुरडतात. मान मात्र या 'यी'त नाही, साहेब एकटा असला की 'यू'च. आणि 'अ‍ॅमन्ट आय', म्हणजे 'अ‍ॅम आय नॉट'. आमच्या बाईंनी ते लाल शाईनं कापलं असतं, पण 'आरन्ट आय'पेक्षा ते जास्त शहाणपणाचं आहे. 'आय आर' कोण म्हणतं?

एक उणीव मात्र कॉर्कलाही भरून काढता आलेली नाही. 'वी'. शुक्रवारी दुपारी कोणी तरी टेबलाशी येऊन म्हणतं, 'वी आर गोइंग टू किलार्नी टुमारो.' आता हे 'आम्ही चाललोय' की 'आपण चाललोय'? माहिती आहे की आमंत्रण आहे? मराठी माणूस या एका वाक्यापुढे हातात कॉफी घेऊन उभा राहतो आणि चेहरा असा ठेवतो की दोन्हीकडे चालून जावा. माझ्यापेक्षा धीट एका नागपूरकर मैत्रिणीनं सरळ विचारायला सुरुवात केली आहे, 'अ‍ॅम आय इन धिस वी?' लोक हसतात, पण उत्तर देतात.

आता 'दे'बद्दल, कारण गावाकडच्या ग्रुपवर त्याचे फॉरवर्ड थांबत नाहीत. आमच्या टीममध्ये एकजण आहेत, मेलच्या सहीखाली 'दे / देम' लिहितात. म्हणजे त्यांना 'ही' किंवा 'शी' म्हणायचं नाही. यावर इथले लोकच जास्त अडखळतात, 'दे इज... सॉरी, दे आर'. मला एकदाही अडलं नाही. एका माणसाला अनेकवचन लावायची सवय आपल्याला घरात लागते. 'बाबा आले', 'सर आले का?', बाबा तर एकच असतात! वरच्या ओळीत 'एकजण आहेत' मी लिहिलं तेव्हा तुम्हाला तरी कुठे खटकलं? राहिला प्रश्न शुद्धतेचा. एका माणसासाठी 'दे' इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे, आणि छत्री विसरली की प्रत्येक इंग्रज 'समवन लेफ्ट देअर अंब्रेला' असंच म्हणतो. उलट 'ही' म्हटलं की त्यात 'शी' आलीच, हे 1850 साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा करून ठरवलं होतं. आयर्लंड तेव्हा त्यांच्याच ताब्यात, म्हणजे इथेही तेच. आमच्या मुलींच्या शाळेत एकही मुलगा नव्हता, तरी 'एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग हिज बुक' हे वाक्य आम्ही शंभर वेळा घोटलं. त्यावर कोणी फॉरवर्ड काढला नाही.

सप्टेंबरमध्ये यायच्या तयारीत असलेले बरेच जण मेल करतात, त्यांना शेवटी दोन-चार गोष्टी. 'डिस्कस अबाउट' नको, नुसतं 'डिस्कस'. 'रिव्हर्ट बॅक' तर नकोच, 'रिप्लाय' म्हणा. 'आय पास्ड आऊट इन 2019' म्हणू नका, इथे त्याचा अर्थ चक्कर येऊन पडणं. 'प्रीपोन' इथे कळत नाही, तो शब्द मस्त आहे पण आपल्यापुरता ठेवा. 'हूम'ची काळजी सोडा, इथे कोणीच करत नाही. एसओपी (काम कसं करायचं त्याच्या लेखी सूचना) किंवा रिपोर्ट लिहिताना 'इट' कशाबद्दल आहे ते दोनदा तपासा. 'रिमूव्ह द फिल्टर फ्रॉम द हाउजिंग अँड क्लीन इट' लिहिलंत तर काय धुवायचं, फिल्टर की हाउजिंग, यावर नवं डेव्हिएशन उघडेल. आणि 'आय अँड माय वाइफ' नको. इंग्रजीत दुसऱ्याला आधी ठेवायचं, आपण शेवटी: 'माय वाइफ अँड आय'.

हे एवढं हिमसेल्फला वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं, मराठीत 'मी आणि माझी बायको' हाच क्रम बरोबर आहे आणि त्यात कोणाच्या सहीची गरज नाही.