तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना 'टाकलं' का?

लग्नात भेटा, तेरवीत भेटा, कृषी केंद्राच्या लाईनीत भेटा, प्रश्न एकच. "बापाले आश्रमात काऊन टाकलं बे?" टाकलं! ठेवलं असं आजवर एकानं म्हटलं नाही.

तर ऐका एकदाचं. जूनमध्ये पाऊस पडला की गावात कोणी घरी नसतं हे तुम्हाला काय सांगायचं. त्या दिवशी मी आणि बायको सकाळीच सरकी लावायला वावरात, पोरं दिग्रसला शाळेत, बाबांच्या खाटेजवळ पाण्याचा गडवा आणि भाकर-पिठलं झाकून ठेवलेलं. साडेपाचला आलो तर खाट रिकामी. बाबा न्हाणीत पडलेले, एका कुशीवर, धोतर ओलं, पायाला मुंग्या लागलेल्या. भाकर तशीच होती, म्हणजे जेवायच्या आधीच पडले, म्हणजे पाच-सहा तास. हाका मारल्या असतील, पण ऐकायला होतं कोण, शेजारची आजी तर ठार बहिरी. उचलायला वाकलो तर मला म्हणतात, "बियाणं पुरलं का रे?" मी म्हटलं हाव, पुरलं. एक बॅग कमी पडली होती.

हाड मोडलं नाही, नशीब. मग आठ दिवस बायको घरी थांबली, तिच्या जागी मजूर लावला, मग मजुरीचे पैसे संपले.

पुतण्या वकिली शिकतो. म्हणे काका, २००७ चा कायदा आहे, आईबापाला सांभाळलं नाही तर महिन्याला १०,००० पर्यंत पोटगी लागते. अरे बाबा, त्याच कायद्यात निराधार म्हाताऱ्यांसाठी जिल्ह्यात १५० जणांचा एक तरी वृद्धाश्रम काढा असंही लिहिलंय. आणि अकरा ते पाच जवळ कोण बसणार हे कोणत्या कलमात आहे?

मीच पूर्वी पारावर बसून एका नोकरीवाल्याला यावरूनच शिव्या घातल्या होत्या, तो आता भेटला की फक्त हसतो.

आश्रमात न्हाणीला धरायला दांडा आहे, रात्री हाक मारली की माणूस येतो, पत्ते खेळायला तिघं-चौघं आहेत. दांडा घरीही बसवता आला असता, हे मला नंतर सुचलं. आणि पहिल्यांदा सोडून आलो त्या रात्री मला गाढ झोप लागली, हे बायकोलाही सांगितलं नाही.

यंदा पोळ्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पिशवी भरून ओट्यावर तयार. "यवतमाळची गाडी कितीची हाय? मले तिकीट नाई लागत." पंच्याहत्तरीच्या वर एसटी फुकट आहे ना, त्याचं त्यांना भारी कौतुक. बायको म्हणते तिथं करमतं त्यांना. मला वाटतं आमची अडचण ओळखून बोलले. विचारलं का, तर नाही. पिशवी उचलली, स्टँडवर गेलो.

गाडी लेट होती. तूर कशी हाय, एवढंच विचारलं त्यांनी.