उतारावर अडकलेली चौकडी

त्या दिवशी बग्गीला जुंपलेल्या चार घोड्यांपैकी शांत म्हणावी अशी एकच होती, धुऱ्याच्या, म्हणजे गाडीलगतच्या जोडीतली थोराड कुमैत (काळसर तांबडी) घोडी. तिच्या शेजारचा तांबडा घोडा अधीर होता, आणि पुढच्या जोडीतली पांढरी घोडी शेजारच्या अबलख (दुरंगी) घोड्याचे अंग जरा लागले की कान मागे पाडून दात दाखवत असे.

उतारावर गाडीचा भार धुऱ्याची जोडी रोखून धरते, त्यामुळे पुढच्या जोडीचे ओढीचे पट्टे सैल पडतात. नेमक्या त्याच वेळी मागून एक ताडपत्री वाऱ्याने फडफडत आली. अबलखाचा एक कान मागे वळला, लगेच दुसराही वळला आणि त्याची पाठ ताठ झाली. एवढीच सूचना मला मिळाली. तो बुजून बाजूला उडाला, मागचा पाय सैल पट्ट्यापलीकडे पडला आणि मांडीत पट्टा घासताच तो दुगाण्या झाडू लागला.

अशा वेळी लगाम खेचून धरला, तर घोडा तोंडातल्या लोखंडाला भिऊन मागे रेटतो किंवा पुढचे पाय उचलतो, आणि त्याच्या मागे तर दुसरी जोडी असते. म्हणून मी ब्रेक पूर्ण दाबला, लगाम घेत-सोडत राहिलो आणि कुमैत घोडीला नेहमीच्या खालच्या, लांब आवाजात थांबायला सांगितले. मागचे पाय पोटाखाली घेऊन तिने सारा भार अंगावर घेतला. तिच्या त्या उभे राहण्याने आम्ही वाचलो, असे मी आजही मानतो.

मदतनीस खाली उतरून पुढच्या जोडीच्या तोंडाशी गेला आणि अबलखाची घालमेल पाहून कळवळ्याने त्याच्या डोक्यावरचा साज सोडू लागला. मी त्याला ओरडून थांबवले. घोडा गाडीला जुंपलेला असेपर्यंत तो साज कधीही काढायचा नसतो, कारण लगामाबरोबर झापडेही निघतात आणि मागे लागलेली गाडी अचानक दिसताच घाबरलेला घोडा ताब्याशिवाय उधळतो. आधी ओढीचे पट्टे सुटले, मग पुढची जोडी बाजूला नेली आणि धुऱ्याची जोडी सर्वांत शेवटी सोडली.

अबलखाच्या मांडीचे केस घासले होते, रक्त नव्हते. जबड्याखालच्या नाडीवर मी बोटे ठेवली. विश्रांतीच्या वेळी घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 पडते. तेव्हा मात्र ठोके मोजणेही कठीण होते. ती उतरेपर्यंत आम्ही त्याला हातात धरून फिरवत राहिलो.

सगळ्यांनी अबलखाला दोष दिला, पण मला तो मान्य नव्हता. शेजारणीच्या दातांच्या धाकाने तो आधीच आखडून चालत होता, त्यात मागून तो आवाज आला. अंगाने तो भारी असल्याने मी त्याला धुऱ्याला कुमैत घोडीशेजारी घेतले आणि तांबड्याला पुढे लावले. पांढरी घोडी तांबड्यावरही दात काढते, पण तो तिच्याकडे लक्ष देत नाही.