घोडीला रेनकोट?

आज नागावच्या किनाऱ्यावर घोडागाडीवाल्या काकांनी विचारलं, "ते परदेशी वॉटरप्रूफ रग, म्हणजे पावसाळी झूल, घेऊ काय हो घोडीला?"

म्हटलं, थांबा जरा. डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप. 600 डेनियरपेक्षा 1200 चं कापड सहसा कमी फाटतं, जास्तीचे पैसे बरेचसे त्याचेच. ऊब ठरते आत भरलेल्या फायबरवर, आणि ती आपल्याला हवीय कशाला? इंग्लंडच्या गारठ्यात ठीक. इथे आषाढातही घाम फुटतो! हवाच इतकी दमट, की महागड्या कापडातूनही आतली वाफ नीट बाहेर पडत नाही. मग ओल्या कातडीला बुरशी. खाऱ्या वाऱ्यात बकलं गंजणार ते वेगळंच. त्यापेक्षा तबेल्यावर चांगले पत्रे घाला, जमीन कोरडी ठेवा.

काका म्हणाले, "पत्र्याचे भाव बघितलेत?"