आवरते घ्यावे ही विनंती

मंडपाच्या डाव्या अंगाने एक मुलगी कमरेत वाकून निघाली, तेव्हाच मी ओळखलं की हिच्या मुठीत चिठ्ठी आहे. रिकाम्या हाताचं माणूस तसं वाकून चालत नाही. पायऱ्या चढली, पोडियमवर कागद ठेवला आणि आली त्याच वाटेने पळाली. वक्त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्याचा ग्लास उचलला, घोटभर पाणी प्यायले, ग्लास नेमका चिठ्ठीवर ठेवला आणि म्हणाले, "आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो."

माझ्या शेजारचे काका डोळे मिटूनच हसले.

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार. अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, त्याचा मधला दिवस. प्रताप महाविद्यालयाच्या आवारात साने गुरुजींच्या नावाची साहित्यनगरी. गुरुजी याच गावातल्या शाळेत शिकवायचे, तेव्हा दुसरं नाव कोण देणार! अध्यक्ष रवींद्र शोभणे. एवढं मला नीट आठवतंय. परिसंवादाचा विषय मात्र विचारू नका. त्याआधी कळण्याची भाकरी आणि भरीत झालं होतं, आणि फेब्रुवारीतल्या खानदेशी भरितानंतर कुठलाही विषय माणसाच्या अंगाला लागत नाही. मला आठवतेय ती चिठ्ठी. कारण ते काम मी चार वर्षं केलंय.

आमचे अण्णा तालुक्याच्या गावी वाचनालयाचे चिटणीस होते. दर हिवाळ्यात सात दिवसांची व्याख्यानमाला व्हायची. अण्णा पहिल्या रांगेच्या कडेला, मांडीवर पुठ्ठा घेऊन बसायचे. वर्गणीच्या जुन्या पावत्यांचे चार-चार तुकडे करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलेले असत. पाठकोऱ्या बाजूला बारीक, तिरकं अक्षर. पहिल्या चिठ्ठीत 'पाच मिनिटे.' दुसरीत 'आवरते घ्यावे ही विनंती.' तिसरी कोरीच. "तिसरीत काय लिहायचं? ज्याला कळायचं त्याला कोऱ्या कागदावरून कळतं," असं ते म्हणत. ज्याला कळत नसे त्याच्यासाठी चौथा उपाय होता : चहावाला स्टेजच्या मागे उभा करायचा आणि कपबश्या वाजवायच्या.

चिठ्ठी न्यायचं काम माझ्याकडे. वय नऊ. उंची इतकीच की वाकायची गरज नव्हती, तरी मी वाकायची. आईने त्या कामासाठी फ्रॉकला एक जास्तीचा खिसा लावून दिला होता. तिथून माणसं जवळून दिसायची. काही वक्ते चिठ्ठी वाचून घाबरायचे आणि उरलेली पाच पानं एका दमात वाचायला लागायचे. काही जण ती सभेला दाखवायचे, "आयोजकांचा आदेश आला आहे!" मग मागून कुणीतरी ओरडायचं, "चालू द्या!" आणि अण्णा खाली मान घालून पुढची चिठ्ठी फाडायचे. एका कवींनी माझी चिठ्ठी न उघडताच तिच्या पाठीवर दोन ओळी लिहून घेतल्या. सुचल्या असाव्यात. गंभीर चेहऱ्याने लिहिल्या.

आता ती गोष्ट. एका वर्षी एक निवृत्त मुख्याध्यापक ज्ञानेश्वरीतल्या उपमांवर बोलत होते. बोलत छान होते, पण सव्वा तास झाला होता आणि अजून नववा अध्यायच चालला होता. अण्णांनी खूण केली. मी खिशात हात घातला, हाताला लागली ती चिठ्ठी ठेवली आणि परतले. सरांनी चष्मा वर केला. वाचलं. पुन्हा वाचलं. सभेकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. मग एकदम एक ओवी म्हणून, हात जोडून ते खाली बसले. दोन मिनिटांच्या आत! अण्णा तर बघतच राहिले. आभार, हार, नारळ सगळं झालं. सर जिना उतरताना अण्णांच्या कानाशी लागले, "चिटणीस, जाताना दही न्यायला विसरू नका. विरजण संपलंय."

ती आईची चिठ्ठी होती. दुपारी तिने माझ्याकडे अण्णांसाठी दिली होती.

आमच्याकडे पुढे कुणी लांबण लावली की आई आतून फक्त "दही" एवढंच म्हणायची. मी अजूनही म्हणते, फोनवर, मनात. ही माझी खोड आहे. कुणी चौथ्या वाक्यावर गेलं की माझी बोटं कागद शोधायला लागतात. डॉक्टर, बँकेतले, माझी नणंद, कुणी सुटत नाही.

चिटणीस हा शब्द चिठ्ठीवरूनच आलाय. नवीस म्हणजे लिहिणारा, चिटनवीसचा चिटणीस झाला. अण्णांना हे सांगताना फार आनंद व्हायचा, आणि कितीदा सांगितलंय हे त्यांना चिठ्ठी पाठवल्याशिवाय कळायचं नाही. अमळनेरला याआधीचं संमेलन १९५२ साली झालं, तेव्हा अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी. मराठी व्युत्पत्ति कोश रचणारे. त्यांना स्टेजवर चिठ्ठी मिळाली असती, तर त्यांनी आधी तिची व्युत्पत्ती सांगितली असती असं मला आपलं वाटतं.

आणि संमेलनांच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली चिठ्ठी वक्त्याला गेलीच नव्हती, ती निमंत्रण देणाऱ्यांना गेली होती. १८७८ साली पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन झालं, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने. दुसऱ्याच्या वेळी, १८८५ साली, रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावलं, तर त्यांनी पत्र पाठवून येत नाही म्हणून कळवलं. जे आमचे माणुसकीचे हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय. त्या पत्राला पाण्याच्या ग्लासखाली ठेवणं काही कुणाला जमलं नाही. मी मंडपात बसले होते त्याच दिवसांत अमळनेरलाच विद्रोही साहित्य संमेलनही भरलं होतं. मी तिकडे जाणार होते. गेले नाही. भरीत म्हणा, ऊन म्हणा.

संध्याकाळी गाणी होती. इथे चिठ्ठीचा सगळा स्वभावच पालटतो. दिवसभर चिठ्ठी म्हणते, थांबा. दिवे लागले की तीच म्हणते, अजून एक. तोच पाठकोरा कागद. गायकाच्या हार्मोनियमवर फर्माइशी साचत जातात, तो एक उचलतो, हसतो, पुन्हा ठेवतो. बरेचदा ठरवलेलंच गातो, पण ते आपल्यासाठी गायलं असं पन्नास जणांना वाटतं. थांबा म्हणायचं काम आता कागदाकडे राहिलेलं नाही, ते घड्याळाकडे गेलंय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपासून रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा बंद. पूर्वी पहाटेपर्यंत चालणाऱ्या बैठकींत खरोखरच्या सकाळी गायली जाणारी भैरवी आता पावणेदहाला येते, तेही साउंडवाल्याच्या शेजारी एक हवालदार उभा असताना.

मला काय वाटलं कोण जाणे, मी पर्समधून औषधाच्या दुकानाची पावती काढली आणि मागे लिहिलं, 'बहिणाबाई.' गाण्याचं नाव नाही, फक्त नाव. आसोद्याची बाई, इथून तासा-दीड तासावरची. अक्षरओळख नव्हती. जात्यावर बसून रचायची, मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवून घेतलं म्हणून राहिलं. पुस्तक आलं ते १९५२ मध्ये, म्हणजे अमळनेरच्या त्या संमेलनाच्याच साली. ते बघायला ती नव्हती, वर्षभर आधीच गेली होती. आयुष्यभरात तिला कुणी चिठ्ठी पाठवली नसेल. पाठवली असती तरी वाचून कोण दाखवणार?

मी चौदाव्या रांगेत होते. चिठ्ठी दोनदा दुमडली, अण्णांसारखी, आणि पुढे दिली. ती डोक्यांवरून, खांद्यांवरून सरकत गेली. दहावी रांग, सातवी, पाचवी. मी मान उंच करून बघत होते. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या टोपीचे एक आजोबा होते, त्यांच्या हातात पोचली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. चिठ्ठी उघडून सावकाश वाचली. पुन्हा नीट घडी घातली.

आणि खिशात ठेवली.