भाड्याच्या फ्लॅटचे फोटो मी मोबाइलवर कसे काढले

कोथरूडचा आमचा वन बीएचके रिकामा झाला, तेव्हा एजंटने येऊन घाईघाईत फोटो काढले. सगळे उभे आणि अंधारे; हॉलची खिडकी म्हणजे नुसता पांढरा चौकोन. एवढं उजेडाचं घर कोंदट दिसलेलं मला पाहवेना. फोटोग्राफर बोलवायचं बजेट नव्हतं, म्हणून स्वतःच मोबाइल हातात घेतला.

खर्च झाला तो बल्बवर आणि एका साध्या ट्रायपॉडवर. हॉलमध्ये पांढरी ट्यूब, पॅसेजमध्ये पिवळा बल्ब हे डोळ्यांना चालतं, कॅमेऱ्याला चालत नाही. एकच भिंत अर्धी निळसर, अर्धी पिवळी येते. सगळीकडे ६५०० केल्विनचे, म्हणजे एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे, एलईडी लावले. हजाराच्या आत भागलं.

खरा वेळ गेला उजेडाचा अंदाज घेण्यात. हॉल पूर्वेचा. सकाळी ऊन थेट फरशीवर येतं आणि फोटोत तेवढा पट्टा जळतो. ऊन वर सरकल्यावर तोच हॉल छान दिसतो. पश्चिमेचं स्वयंपाकघर म्हणूनच सकाळी उरकलं. स्क्रीनवर खिडकीजवळ बोट दाबून धरलं, उजेड थोडा कमी केला, की बाहेरचं गुलमोहराचं झाडही दिसायला लागतं. मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर आणि अगदी सरळ धरायचा. जरा कलला तरी भिंती पडल्यासारख्या दिसतात. कॅमेऱ्याची ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू ठेवली की दाराच्या चौकटीवरून लगेच कळतं.

वाइड लेन्स मी मुद्दाम वापरली नाही. तिच्यात दहा बाय दहाची बेडरूम हॉलएवढी दिसते. मग कोणी अर्धी रजा टाकून घर बघायला येतं आणि दारातच हिरमुसतं. हे मला पटत नाही.

बाथरूमचा फोटो बरेच जण टाळतात. मी भाड्याने राहायचे तेव्हा आधी तोच शोधायचे. बादली-मग बाहेर, कमोडचं झाकण बंद, फरशी कोरडी, गीझर आणि नळ स्पष्ट. सिंकखालचा ओलाव्याचा जुना डागही दाखवला आणि गळती दुरुस्त केल्याचं खाली लिहिलं.

नवे फोटो टाकल्यावर येणाऱ्या फोनमधले प्रश्नच बदलले. उजेड येतो का, हे कोणी विचारेना. एका ताईंनी विचारलं, "ओट्याशेजारी आमचा डबल डोअर फ्रिज बसेल का?" मग टेप लावून ती जागा मोजली आणि मापासकट तिचाही फोटो टाकला.